तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही

मावशी, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, पाच वर्षं गाणं शिकतेय, आत्तापर्यंत मोबाईलमधल्या तानपुऱ्यावरच रियाज चालायचा. तिच्या बाई म्हणाल्या आता खरा तानपुरा घ्या. नवा परवडेना म्हणून ऑनलाइन सेकंडहॅण्ड शोधला. महाराष्ट्रातल्या एकाने टाकला होता, "ओरिजिनल मिरज, लेडीज तानपुरा, घरगुती वापर, कंडिशन ए-वन, एकही डाग नाही" असं लिहून. १८,५०० रुपये आणि पाठवायचे २,२०० वेगळे, सगळे यूपीआयने आधीच दिले. खोकं व्यवस्थित आलं, लेकीने रील करायची म्हणून उघडतानाचा व्हिडिओ पण काढला. चौथ्या दिवशी गवसणी शिवायला माप घेत होते तर भोपळ्याच्या मागे हाताला वीतभर रेघ लागली, पॉलिशच्या खालून गेलेली. बाड्याजवळच्या (आमच्या ग्वाल्हेरचा मुख्य चौक) एका वाद्यवाल्याला दाखवलं, तो म्हणाला हा आधी फुटलाय, जोडून वरून पॉलिश मारलंय. विकणाऱ्याला फोन केला तर पहिले म्हणाला कुरिअरने फुटला असेल, मग म्हणाला तुमच्या ग्वाल्हेरच्या उन्हाने तडकला असेल, आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही." आज अकरा दिवस झाले. हे म्हणतात आवाज चांगला आहे ना, जाऊ दे. त्यात तो माणूस माझ्या नणंदेच्या सासरच्या ओळखीतला निघाला, त्याच्या पेजवर अजून चौदा वाद्यं विकायला आहेत. उगीच वाईटपणा नको वाटतो, पण रात्री झोप पण येत नाही. वाद्यवाला म्हणतो आठशे रुपयात अजून पक्कं करून देतो. करून घेऊ का?
– जनकगंजची एक आई

अगं, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचं वाचेपर्यंत तू तानपुरा घेऊन बाड्यावर पोचलेली असशील. नाही. आत्ता अजिबात काही करून घेऊ नकोस, चिमूटभर अरलडाइट पण नाही, पॉलिशचा बोळा पण नाही. तू हात लावलास की तो म्हणणार मी दिला तेव्हा चांगला होता, तुम्हीच कोणाकडून तरी बिघडवून घेतलात, आणि मग तू कितीही खरं बोललीस तरी ते सिद्ध करत बसावं लागणार तुला.

आणि त्या माणसाने एका फोनमध्ये तीन कारणं दिली ना, तिथेच तुझं अर्धं काम करून ठेवलं. ज्याला खरंच माहीत नसतं तो "अरेच्चा, असं कसं, फोटो पाठवा बघू" म्हणतो. "विचारलं नाही" हे माहीत असलेल्याचंच उत्तर. म्हणजे आता आपण भाजी घेताना पण विचारायचं, भाऊ या वांग्यात किडा आहे का, नाही विचारलं तर किडा आपला! बरं, हे तो फोनवर बोलला, म्हणजे हवेत गेलं. आज संध्याकाळपर्यंत त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधं लिही की अमुक तारखेला फोनवर तुम्ही म्हणालात भोपळ्याची दुरुस्ती मी विचारली नाही म्हणून तुम्ही सांगितली नाही. त्याने नाकारलं तर नाकारू दे, निळ्या टिका आल्या आणि तो गप्प बसला तरी तुझ्याकडे तारखेसकट नोंद राहिली.

आता रेघ. खोली अंधारी कर आणि मोबाईलचा टॉर्च भोपळ्याला जवळजवळ टेकवून आडवा धर, समोरून नाही, आडवाच, म्हणजे उंचसखलपणा सावलीत दिसतो. एकच गोष्ट बघायची आहे, पॉलिश रेघेबरोबर फुटलंय की रेघेवरून सलग गेलंय. कुरिअरमध्ये फुटला असता तर पॉलिश पण फुटलं असतं, कडा धारदार असत्या, आतून भोपळ्याचा फिक्का कोरा रंग दिसला असता, नखाला खरखर लागली असती. जुन्या जोडावर नख घसरतं, थोडा उंचवटा लागतो, तेवढ्या पट्ट्यात रंग जरा गडद असतो कारण खालची लाख किंवा भुसा-सरस लपवायला तिथे जास्त रंग चढवलेला असतो, आणि टॉर्चमध्ये ती रेघ काचेसारखी चमकते. तू म्हणतेस पॉलिशच्या खालून गेलीये. मग झालं की. ट्रकमध्ये भोपळा फुटू शकतो गं, पण ट्रकमध्ये फुटून, जोडून, वाळून, त्यावर पॉलिश होऊन तो जनकगंजला उतरत नाही.

उन्हाचं म्हणशील तर आपलं ऊन काही निष्पाप नाही. नवतप्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या त्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला, लू म्हणजे गरम वारा सुटला की लाकूड आक्रसतं, खुंट्या सैल होऊन सरसर उलट्या फिरतात, भोपळा आणि गळा जिथे जुळतो तो सांधा उघडू शकतो, आणि पहिला पाऊस झाला की त्याच खुंट्या फुगून हलत नाहीत. जुना जोड असेल तर ऊन तो परत उघडूही शकतं. पण ऊन तडा देतं, त्यावर पॉलिश मारून जात नाही.

मग पुरावा. लेकीची रील! मोबाईलमधून उडवू नकोस, मूळ फाईल तशीच ठेव, वर गाणं-बिणं चढवलेली नाही, कोरी. त्यात खोकं कुठे चेपलेलं नाही हे दिसत असेल तर कुरिअरचा मुद्दा तिथेच संपला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आत्ताच काढ, "एकही डाग नाही" हे वाक्य, सगळे फोटो, आणि त्या पेजवरच्या इतर चौदा वाद्यांचे पण, ते कशाला ते पुढे सांगते. तक्रार गेली की जाहिराती गायब होतात. खोकं आणि आतलं पॅकिंग रद्दीवाल्याला देऊ नकोस. आणि त्या वाद्यवाल्याकडून दुकानाच्या पॅडवर दोन ओळी लिहून घे, तारखेसकट, की तडा जुना आहे, जोडून वर पॉलिश केलेलं आहे, नीट दुरुस्तीला इतका खर्च. तोंडी सगळेच सांगतात, लिहायला सांगितलं की काही जण टाळाटाळ करायला लागतात, हा मागे हटला तर दुसऱ्याकडे जा.

इथपर्यंत भांडणाची तयारी झाली, पण भांडायचं कशासाठी ते ठरलेलं नाही अजून. परत करायचाय की पैसे कमी करून ठेवायचाय? तुझ्या पत्रात एकदा हे वाटतं, एकदा ते. हे ठरवायला तडा किती लांब आहे त्यापेक्षा तो कुठे आहे ते बघ. तानपुऱ्यात ताण कुठून कुठे जातो? वर खुंट्या, खाली भोपळ्याच्या बुडाशी लंगोट, जिथे तारा अडकवतात, आणि मधे घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, ती तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, खाली दाबते. चारही तारा चोवीस तास हे सगळं ओढून धरतात. म्हणून तडा जर लंगोटापर्यंत पोचत असेल किंवा वर गळ्याच्या सांध्यात शिरत असेल तर दुसरा विचार करू नकोस, परत. तो आज ना उद्या उघडणार आणि तेव्हा आठशेत भागणार नाही, तबली उघडून काम करावं लागेल. पण तडा नुसता मागच्या फुगीर पोटावर असेल, दोन्ही टोकं लंगोट आणि सांध्यापासून लांब, तर तिथे ताण फारसा येत नाही, नीट जोडलेला असेल तर वाद्य वर्षानुवर्षं चालतं.

जोड नीट आहे का ते कानाने कळतं. चारही तारा आपल्या पट्टीत लाव, मुलगी काळी चारला गात असेल तर तिथे, मग भोपळ्यावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत रेघेच्या अलीकडे-पलीकडे जा. आवाज सारखाच यायला हवा. कुठे फाटक्या टोपलीसारखा बद्द आला किंवा झर्र झालं तर तिथे जोड सुटलाय. मग खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, छेड आणि तळवा रेघेवर ठेव, झरझर थांबली तर झरझर तिथलीच होती. यात एक घोळ होतो, तो आधीच सांगते. जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारांना आणलेली गुंज, बिघडली असेल तरी आवाज चिरका किंवा बोदा येतो आणि माणूस भोपळ्याला दोष देत बसतो. घोडीवर तारांखाली असतात ते दोरे किंचित पुढे-मागे सरकवून बघ. दोरा हलवल्यावर गुंजन खुललं तर तो प्रश्न जवारीचा, त्याचा तड्याशी संबंध नाही, जुन्या तानपुऱ्याला जवारी काढून घ्यावी लागतेच, त्याबद्दल या माणसाशी भांडू नकोस. खरी गोष्ट मागायची तर खोटी तिच्यात मिसळायची नाही. दांडी मात्र बघ, घोडीकडून वर डोळा लावून, बंदूक रोखतात तशी. ती वाकलेली असेल तर तड्याचं सोड, तेवढ्यावरच परत.

तुझे हे म्हणतात आवाज चांगला आहे, त्यात काही खोटं नाही, मी पण जोडलेल्या भोपळ्याला टाकाऊ म्हणणाऱ्यातली नाही. आमच्या सासऱ्यांच्या तानपुऱ्याची गोष्ट सांगते. डिसेंबरात तानसेन समारोहाला पाहुणे आलेले, घर भरलेलं, गाद्या सगळ्या खाली घातलेल्या, त्यातल्या एका गादीवर तानपुरा आडवा ठेवलेला, वर चादर. एक काका रात्री अंधारात येऊन त्यावरच बसले. काकांना काही झालं नाही. तानपुरा मिरजेला गेला, चार महिन्यांनी आला, आणि पुढे तीसेक वर्षं त्यावर गाणं झालं. सासरे गेल्यावर तो भाचीला द्यायचा ठरला, ती न्यायला आली तर सासूबाईंनी चहा टाकायच्या आधी तानपुरा पालथा केला आणि तिचा हात धरून रेघेवरून फिरवला, "हे बघून घे, इथे काका बसलेत." देणगी होती हं ती, एक रुपया घ्यायचा नव्हता.

मिरजेवरून आठवलं. "ओरिजिनल मिरज" कोणीही लिहितं, कारण ते नाव चालतं. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगतात, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव वाटेल तसं वापरायचं नाही. तेव्हा त्याला लेखी विचार की कोणत्या कारागिराचा, कधीचा. खराच असेल तर सहसा आत-बाहेर कुठेतरी चिठ्ठी किंवा नाव असतं, आणि त्या कारागिराच्या दुकानाला चार फोटो पाठवलेस तर आपलं काम आणि दुसऱ्याची डागडुजी ते बरोबर ओळखतात. नाव सांगता आलं नाही तर तो पण तुझाच मुद्दा.

आता ती चौदा वाद्यं. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे आणि तू तो असाच जाता जाता लिहिलास. तो म्हणतो घरगुती वापर. कुठल्या घरात पंधरा वाद्यं विकायला निघतात गं? ऑनलाइन विक्रीचे २०२० चे जे नियम आहेत ते एखाद्याने घरातली जुनी वस्तू एकदा विकली तर त्याला लागत नाहीत, पण नेमाने, धंदा म्हणून विकणाऱ्याला लागतात. आणि त्यात स्पष्ट आहे की माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. ज्या साइटवरून घेतलास तिथे तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. पैसे थेट यूपीआयने दिले असल्यामुळे साइट हात झटकेल, झटकू दे, तक्रार तरीही कर, नंबर मिळव.

आणि "विचारलं नाही" याचं कायद्यातलं उत्तर पण ऐक, कारण तो हेच धरून बसणार. नुसतं गप्प बसणं दर वेळी फसवणूक ठरत नाही, हे त्याच्या बाजूचं आहे आणि ते तुला आधी माहीत असलेलं बरं. पण १८७२ च्या करार कायद्यात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं फसवणुकीत धरलंय. आणि हा गप्प कुठे बसला? याने लिहिलं, एकही डाग नाही. रेघ पॉलिशखाली झाकलेली आणि फोटो सगळे पुढून काढलेले. पॉलिश त्यानेच मारलं हे तुला सिद्ध करता येणार नाही कदाचित, त्याच्याआधीच्या मालकाने मारलं असेल, म्हणून तू ते म्हणूच नकोस. तू एवढंच म्हण की तुम्ही डाग नाही लिहिलंत, आणि डाग आहे. याला "विचारलं नाही" हे उत्तरच होत नाही.

मेसेज शांत डोक्याने लिही, रात्री अकरानंतर नाही. मी असा लिहिला असता: "नमस्कार, अमुक तारखेला तुमच्याकडून १८,५०० रुपयांना तानपुरा घेतला. जाहिरातीत एकही डाग नाही असं होतं. भोपळ्याच्या मागे जुना जोडलेला तडा आहे, फोटो, व्हिडिओ आणि वाद्यदुरुस्ती करणाऱ्यांचं लेखी मत सोबत आहे. वाद्य मी जसं आलं तसंच ठेवलं आहे. एकतर तानपुरा परत घेऊन जाण्या-येण्याच्या खर्चासह पूर्ण पैसे द्यावेत, किंवा ६,००० रुपये परत करावेत. सात दिवसांत कळवावं, नाहीतर मला ग्राहक तक्रार करावी लागेल." बस. फसवलंत, लाज नाही वाटत, एका कलाकार मुलीच्या भविष्याशी, असलं काही नको, ते वाचून त्याला बरंच वाटेल की बाई नुसती चिडलीये. ६,००० का, तर दुरुस्तीचा खर्च आणि उद्या तुला विकायचा झाला तर जोड सांगून जितकं कमी येईल तेवढं मिळून माझा अंदाज, तुझ्या वाद्यवाल्याने आकडा वेगळा दिला तर तो घाल. तडा पोटावरच असेल आणि आवाज खरंच गोड असेल तर मी ५,००० वर मिटवलं असतं. परत पाठवायची वेळ आलीच तर पैसे आधी खात्यात, मग तानपुरा खोक्यात, तारा सैल करून, आणि पॅक करताना परत व्हिडिओ.

सात दिवसांत काही नाही झालं तर १९१५ वर फोन कर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, हिंदीत बोलता येतं. तेवढ्यानेच पुष्कळदा माणसं नरम येतात. नाही आला तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तू राहतेस तिथेच, म्हणजे इथेच दाखल करता येतं, त्याच्या गावी हेलपाटे नाहीत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ऑनलाइन पण होतं, मुदत दोन वर्षं. निकालाला वेळ लागतो, तेव्हा उद्याच पैसे येतील असं समजू नकोस.

राहिला वाईटपणा. नणंदेला यात ओढू नकोस, तिच्यामार्फत निरोप पण पाठवू नकोस, निरोप तीन तोंडातून गेला की तानपुऱ्याचं तुझ्या स्वभावावर येतं, आपल्या लोकांचं माहीत आहे तुला, एका गणेशोत्सवात सगळं ग्वाल्हेर ओळखीचं निघतं. फक्त तिला एकदा सांगून ठेव की असं असं झालंय, मी त्यांच्याशी थेट बोलतेय, म्हणजे बाहेरून कळलं असं नको. आणि ह्यांना सांग की ओळखीत वाईटपणा नको म्हणून आपण गप्प बसायचं असेल तर ओळखीत वाईटपणा नको म्हणून त्याने आधी सांगायचं होतं. संगीताच्या ग्रुपांवर मात्र त्याचं नाव घेऊन लिहू नकोस, निदान मिटेपर्यंत. मिटल्यावर त्या साइटवर जे झालं तेवढंच लिही.

तुझं थोडं चुकलं का, तर हो, सगळे पैसे आधी दिलेस आणि मागचा फोटो मागितला नाहीस, पुढच्या वेळी दिवसाउजेडी भोपळ्याच्या मागचा फोटो, तारा छेडतानाचा व्हिडिओ आणि "कधी दुरुस्त झालाय का" हा प्रश्न लिहून, एवढं कर. पण म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही, झोप त्याची उडायला हवी.

आणि हो, तानपुरा आत्ता कुठे ठेवलायस? बैठकीत असेल तर कूलरच्या तोंडासमोर नाही ना? दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद की कोरडी, जोड असलेल्या भोपळ्याला याहून वाईट काही नाही. आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता आडवा, तारा दोन सूर उतरवून ठेव. लेकीला चार दिवस मोबाईलवरच गाऊ दे.